खेळ मांडा आणि गप्प बसा

मी बरगीहून बोलतोय. फौजेतून निवृत्त झाल्यावर मी बोर्डगेम तयार करतो. बोर्डगेमच्या संमेलनात खेळ तयार करणाऱ्यानं नेमकं काय करायचं, ते आज सांगतो.

फौजेत आम्ही सँड मॉडेलवर लढाई आधी खेळून पाहायचो. प्रशियाच्या सैन्यानं 1824 मध्येच असा युद्धखेळ स्वीकारला होता. चूक टेबलावरच कळावी, हा हेतू. संमेलनाचंही तसंच.

माझा खेळ बरगी धरणाचा. 21 दरवाजे, पाऊस, वीज, सिंचन. पुण्यातल्या एका संमेलनात मी अनोळखी चौघांपुढे नियमांचा कागद ठेवला आणि गप्प बसलो. आपण समजावून सांगितलं, की कागदातली खोट कळत नाही. कोण कुठे अडलं, कुठे कंटाळलं, एवढंच वहीत टिपायचं.

डाव संपल्यावर एका मुलीनं विचारलं, "काका, बुडालेली गावं कुठायत?"

पटावर ती नव्हतीच. या धरणानं 162 गावं बाधित झाली आणि मी रोज तेच पाणी बघतो. सबब सांगायला तोंड उघडलं, पण मिटलं. वहीत लिहिलं, 'गावं'.

आता माझ्या खेळात पाणी चढवायचं असेल, तर आधी गावाला जागा शोधावी लागते. तुम्ही संमेलनाला गेलात, तर वही न्या.