निवडीचे स्वातंत्र्य आणि प्रज्ञापराध

‘आमचे शरीर आहे, आम्ही हवे ते खाऊ’ असे म्हणणारा रुग्ण आणि ‘नशिबातच होते’ असे म्हणणारा रुग्ण, असे दोघेही आपल्या चिकित्सालयात नित्य येतात. पहिला स्वातंत्र्य मागतो, दुसरा ते नाकारतो. आपल्या कृतीचे उत्तरदायित्व मात्र दोघांनाही नको असते. अशा रुग्णांना वैद्याने काय सांगावे?

दुसऱ्या रुग्णाची शंका नवी नाही. आयुष्य नियत आहे की नाही, हा प्रश्न चरकसंहितेच्या विमानस्थानात (अध्याय ३) अग्निवेशानेही विचारला आहे. आत्रेयांच्या उत्तराप्रमाणे आयुष्य दैव व पुरुषकार या दोहोंवर अवलंबून असते. सर्व काही नियतच असते तर औषधाचे प्रयोजनच उरले नसते. गाडीचा आस नीट वापरल्यास यथाकाल झिजतो, अतिभाराने वा वाईट रस्त्याने मध्येच मोडतो, हा तेथील दृष्टांत रुग्णास सहज पटतो.

पहिल्या रुग्णासाठी प्रज्ञापराधाचा विचार आहे. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारे अशुभ कर्म म्हणजे प्रज्ञापराध (शारीरस्थान, अध्याय १). मधुमेहाच्या रुग्णास गोड अपायकारक आहे हे न कळणे हा धीचा दोष. कळूनही हात न आवरणे हा धृतीचा. आणि मागील त्रास विसरणे हा स्मृतीचा. तिघांना एकच उपदेश पुरत नाही. पहिल्यास ज्ञान, दुसऱ्यास आधार आणि तिसऱ्यास स्मरण द्यावे लागते.

सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात मूत्र-पुरीषादी तेरा वेग धारण करू नयेत असे सांगितले आहे. तेथेच लोभ, क्रोध, भय इत्यादी मनोवेग मात्र आवरावयास सांगितले आहेत. कोणता वेग सोडावा आणि कोणता आवरावा याचा विवेक, हेच आमच्या मते आयुर्वेदाला अभिप्रेत असलेले स्वातंत्र्य होय. याच अध्यायातील पादांशिक क्रम व्यवहारात फार उपयोगी आहे. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तरी तंबाखू व मिश्री न सुटलेले रुग्ण आजही येतात. त्यांना ‘आजच सोडा’ असे बजावण्यापेक्षा चतुर्थांशाने कमी करण्याचा क्रम आखून द्यावा. जो निर्णय रुग्णाला स्वतःला पेलवतो, तोच टिकतो.

येथे आपलेही उत्तरदायित्व येते. रुग्णाच्या गुणांत निर्देशकारित्व आहे, तसेच ज्ञापकत्वही आहे. म्हणजे त्याने सांगावयाचे आहे आणि आपण ऐकावयाचे आहे. पथ्याचे कारण न सांगता नुसती यादी हाती दिली, तर रुग्णाने निवड केली असे म्हणता येणार नाही.

औषधविक्रेत्या बंधूंनाही हेच लागू आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई (१) मध्ये वत्सनाभ, विषमुष्टी, भल्लातक, पारद, हरताल इत्यादी द्रव्ये आहेत. ती असलेल्या पोटात घ्यावयाच्या तयार औषधांच्या वेष्टनावर, वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना बंधनकारक आहे. ती हिंदी व इंग्रजीत, बहुधा बारीक अक्षरांत असते. ग्राहक ‘मागच्या वेळचीच गोळी द्या’ म्हणतो, तेव्हा ती सूचना त्यास मराठीत वाचून दाखवावी आणि वैद्याची चिठ्ठी विचारावी. न कळता घेतलेली गोळी ही ग्राहकाची निवड नव्हे. तिचे उत्तरदायित्व देणाऱ्यावरही येते.