काळी, पांढरी आणि नदीचा गाळ

गावाच्या जमिनीचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार सांगतात : पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. कोरेगाव परिसरातल्या ओढ्यानद्यांच्या दरडी पाहत हिंडताना मला नेहमी वाटते, की या दोन शब्दांत नदीखोऱ्याचा बराच इतिहास आहे. नदीकाठची काळी नदीने रचली, पांढरी माणसाने.

कोरेगावापाशी तीळगंगा आहे, तालुक्यातून वसना वाहते आणि ती पुढे कृष्णेला मिळते. दख्खनच्या अशा नद्यांची दरड खालून वर वाचायची असते. तळाला कातळ, त्यावर चुनखडीने जखडलेले गोटे, मग चुन्याचे खडे असलेला पिवळसर-तपकिरी पोयटा, आणि माथ्यावर काळी माती. प्रत्येक ठिकाणी सगळे थर मिळत नाहीत, पण साधारण क्रम हाच.

इथे एक कोडे पडते. नेहमीचा पूर दरडीच्या माथ्यापर्यंत चढत नाही. मग इतक्या उंचावर गाळ टाकला कोणी?

याचे उत्तर पावसाच्या इतिहासात आहे. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ते उलगडले. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, आपला मोसमी पाऊस क्षीण झाला होता. डोंगरउतारावरून माती-खडी येत होती, पण ती वाहून नेण्याएवढे पाणी नदीत नव्हते. खोरी गाळाने भरत गेली. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पाऊस वाढला आणि जोर आलेल्या नद्या आपल्याच गाळात खोल रुतल्या. आज दरडीवर आपण जे मळे कसतो, ते त्या काळातले पूरमैदान आहे.

या तयार जमिनीवर शेतकरी आला. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली वस्ती तिथे मिळाली. पुराचे पाणी वळवणारा पाट आणि बांधही मिळाला. म्हणजे नदीच्या पाण्याला हात घालायला आपण तीन हजार वर्षांपूर्वीच सुरुवात केली. मातीची घरे पडत, त्यांवर नवी उठत, चुलीची राख साचे. अशा थरांतून पांढरीची टेकाडे उंचावली. इकडे रान तोडून नांगर फिरला, तशी उतारावरची मोकळी माती अधिक वेगाने ओढ्यात येऊ लागली.

गेल्या साठेक वर्षांत मात्र माणसाचा हात फार जड झाला. कोयना, धोम, कण्हेर या धरणांनी पाण्याबरोबर गाळही अडवला. पात्रातली वाळू उपसली गेली, काठचा पोयटा वीटभट्ट्यांत गेला. नवा गाळ कमी येतो आणि जुना आपण विकतो, असा हा व्यवहार आहे. उसाच्या रानातला हातभर पोयटा गेला तर तो पुढच्या पावसाळ्यात परत येत नाही. ज्या हवामानात तो साचला, तेच आता राहिलेले नाही.

दुसरा धोका वस्तीचा. दरडीवरची जुनी जमीन आणि दरडीखालची पाणवठ्यालगतची मळई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मळई अजून नदीच्या ताब्यात आहे. खाली सांगलीकडे कृष्णेचा उतार मंदावतो, पाणी पसरते आणि रेंगाळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले; तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वर्षी नदी आपले मैदान पुन्हा मोजून घेते.

म्हणून काठालगत प्लॉट घेणाऱ्याने सातबाऱ्याबरोबर जवळची दरडही पाहावी. वरच्या थरात मऊ, ताजी वाळू आणि गाळाचे पातळ पापुद्रे दिसले, तर ती जागा नदीने अजून सोडलेली नाही. तिथे पीक घ्यावे, घर बांधू नये. जुन्या माणसांनी पांढरीसाठी उंचवटे निवडले, त्यामागे हाच हिशेब होता.