मामांची ट्रंक

मामांच्या काळ्या लोखंडी ट्रंकेला हात लावायची आम्हां भाचरांना सक्त मनाई होती. आत पदके असतील, अशी आमची बालसमजूत. पुढे मामींनी ती माझ्यासमोर उघडली, तेव्हा आत निघाले नुसते कागद!

मामा सातारा जिल्ह्यातले. १९८४ साली तोफखान्यात भरती झाले. १९९६ साली फेफऱ्याचे झटके येऊ लागले, म्हणून वैद्यकीय मंडळाने त्यांना घरी पाठवले. अपंगत्व ३० टक्के. पण शेरा असा, की आजार उपजत, नोकरीशी संबंध नाही. नुसते अपंगत्व पुरत नाही. ते सैनिकी सेवेमुळे उद्भवले किंवा बळावले, असे ठरावे लागते. त्या एका शेऱ्यापायी अपंगत्वाचे पेन्शन नाकारले गेले. मामांना पैशाहून दुसरेच शल्य होते. म्हणत, "अरे, मी काय रोगटच भरती झालो होतो?"

गंमत अशी, की कायदाही हेच विचारतो! १९८२ च्या नियमांप्रमाणे, भरतीच्या वेळी नोंद नसलेल्या आजारापायी जवानाला सेवा सोडावी लागली, तर तो आजार एरवी सेवेतलाच धरायचा. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच झटक्यांच्या खटल्यात सांगितले, की पुराव्याचा भार जवानावर नाही. संशयाचा फायदा त्याला. मंडळाला 'संबंध नाही' म्हणायचे, तर कारणे द्यायला हवीत.

मी मंडळाचा कागद पुन्हा वाचला. 'भरतीपूर्वी हा आजार होता काय?' पुढे त्याच मंडळाने लिहिले होते: 'नाही.' आणि कारण? एका ओळीचेही नाही! तो कागद इतकी वर्षे ट्रंकेत पडून होता.

आम्ही सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे अर्ज केला. पेन्शन मंजूर झाले; मात्र उशिरा दाद मागणाऱ्याला मागची बाकी बहुधा तीनच वर्षांची मिळते, तशीच ती मिळाली. मधली वर्षे गेली ती गेलीच.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी अशी ट्रंक असेल, तर ती या दिवाळीच्या साफसफाईत जरूर उघडा. २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत, हेही ध्यानात असू द्या.

निकाल वाचून दाखवला, तेव्हा मामांनी रक्कम विचारलीच नाही. चष्मा पुसत मामींना एवढेच म्हणाले, "ऐकलंस ना? धडधाकट गेलो होतो मी!"