वेब-अनुप्रयोगाची सर्व्हरवरील उभारणी

ब्राउझरच्या द्वारे वापरावयाची आज्ञावली (सॉफ्टवेअर) सर्व्हरवर बसविणे आणि तेथील गरजांस अनुरूप जुळवून ती चालू करणे, या क्रियेस वेब-अनुप्रयोगाची उभारणी असे म्हणतात. तिचे दोन भाग पडतात. आज्ञावलीच्या फायली सर्व्हरवर आणून योग्य जागी ठेवणे ही प्रस्थापना होय. ती आज्ञावली कोणत्या विदागारातून (डेटाबेसमधून) माहिती घेईल, कोणत्या पत्त्यावर उत्तर देईल, कोणती लिपी व कोणते संकेतन वापरील हे ठरवून देणे म्हणजे विन्यास. प्रस्थापना बहुधा काही मिनिटांत उरकते. विन्यासातील चूक मात्र पुष्कळदा लगेच दिसत नाही, आणि अनुप्रयोग एकाच ठिकाणी असून त्याचे वापरणारे अनेक असल्यामुळे ती सर्वांच्याच वाट्यास येते. मराठी मजकुराच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. सार्वजनिक ग्रंथालयाच्या उदाहरणावरून तो चांगला स्पष्ट होतो.

महाराष्ट्रात ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. पुणे नगर वाचन मंदिराची स्थापना १८४८ मध्ये, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९३ मध्ये, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची १८९८ मध्ये झाली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा आहे. नोंदवह्या व तालिकापत्रे यांची जागा आता संगणकीय तालिका घेत असून त्यासाठी ‘कोहा’ हा वेब-अनुप्रयोग भारतात पुष्कळ ठिकाणी वापरला जातो. तो प्रथम न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार करण्यात आला व जानेवारी २००० मध्ये तेथे वापरात आला. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेटवस्तू. आज्ञावली विनामूल्य व मुक्त असल्याने हे नाव सार्थ आहे.

प्रस्थापना : पुण्याच्या नैर्ऋत्येस सिंहगड रस्त्यालगत वसलेल्या धायरीसारख्या वस्तीतील एखाद्या वाचनालयास कोहा उभारावयाचा झाल्यास एक साधा संगणक किंवा भाड्याने घेतलेला दूरस्थ सर्व्हर पुरतो. त्यावर लिनक्स प्रणालीचा डेबियन हा प्रकार असावा. कोहा मुख्यत्वे पर्ल भाषेत लिहिलेला असून तो चालण्यास अपाची हा वेब-सर्व्हर, मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी हे विदागार आणि शोधसूची राखणारी झेब्रा ही आज्ञावली लागते. तयार संच उतरवून घेतल्यावर एका आज्ञेसरशी वाचनालयाच्या नावाचे विदागार, स्वतंत्र वापरकर्ता व दोन पत्ते निर्माण होतात. एक वाचकांसाठी, दुसरा कर्मचाऱ्यांसाठी. त्यानंतरचे काम ब्राउझरमधून होते : ग्रंथनोंदीचा प्रकार निवडणे (भारतात बहुधा मार्क २१), विदागारातील कोष्टके तयार करणे, सभासदांचे वर्ग व देवघेवीचे नियम घालणे. यांपैकी नोंदीचा प्रकार विचारपूर्वक निवडावा लागतो, कारण तो नंतर बदलणे अत्यंत जिकिरीचे असते. गावांच्या यादीसारखी किरकोळ वाटणारी बाबही याच वेळी पाहणे इष्ट. धायरीचा उर्वरित भाग २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत आला. त्यामुळे जुन्या सभासदांचे पत्ते ‘ता. हवेली’ असे, तर नव्यांचे ‘पुणे’ असे लिहिले जाण्याचा संभव असतो व एकाच गल्लीतील सभासद दोन गावांत विभागले जातात.

संकेतन : विन्यासातील सर्वांत नाजूक भाग हा आहे. संगणक अक्षरे अंकांच्या रूपात साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ पासूनच जागा आहे. त्याच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘धायरी’ या शब्दात ध, काना, य, र व दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे असल्याने तो पंधरा बाइटांचा होतो. विदागाराचे संकेतन मात्र युरोपीय लिपीचे (लॅटिन-१) राहिले असेल, तर दोन प्रकारचा बिघाड संभवतो. हे पंधरा बाइट पंधरा स्वतंत्र युरोपीय अक्षरे समजून दाखविले गेले, तर पडद्यावर निरर्थक अक्षरांची रांग उमटते. ती कितीही भयंकर दिसली तरी मूळ बाइट शाबूत असतात व मजकूर परत मिळविता येतो. याउलट, रूपांतर करताना ‘हे अक्षर माझ्याकडे नाही’ म्हणून विदागाराने प्रत्येक चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले, तर मूळ शब्द कायमचा नष्ट होतो. पाच चिन्हांच्या जागी पाच प्रश्नचिन्हे उरतात. त्यांतून धायरी की आणखी काही, हे सांगणे अशक्य असते. मायएसक्यूएलचे स्वाभाविक संकेतन ५.७ या आवृत्तीपर्यंत लॅटिन-१ होते व २०१८ मधील ८.० पासून ते चार बाइटी यूटीएफ-८ झाले. त्याच विदागाराच्या जुन्या तीन बाइटी प्रकारात देवनागरी सुखेनैव मावते, पण २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आलेली मोडी लिपी मावत नाही, कारण तिचे प्रत्येक चिन्ह चार बाइटांचे आहे. मोडी दस्तऐवजांचा संग्रह असलेल्या संस्थेने हे ध्यानात ठेवावे.

जुनी यादी श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकात (फाँटमध्ये) टंकलिखित झाली असेल, तर ती प्रथम युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागते. अशा टंकांत अक्षराचे केवळ चित्र देवनागरी असते. साठविलेला अंक इंग्रजी अक्षराचाच असतो.

शोध : कोहाची झेब्रा सूची दोन प्रकारांनी बांधता येते. पहिला प्रकार अक्षरनकाशावर आधारलेला असून तो लॅटिन लिपीस सोयीचा आहे. देवनागरीसाठी आयसीयू हा दुसरा प्रकार निवडावा लागतो. ही निवड एका विन्यास-फायलीतील काही ओळी बदलून होते. तसे न केल्यास नोंद व्यवस्थित दिसते, पुस्तक कपाटात असते, पण शोध घेणाऱ्या वाचकाला ‘सापडले नाही’ असे उत्तर मिळू शकते. वाचक परत जातो आणि ग्रंथपालाला त्याचा पत्ताही लागत नाही. ओळी बदलल्यावर संपूर्ण सूची नव्याने बांधणे आवश्यक असते, अन्यथा आधीच्या नोंदी पूर्ववत अदृश्य राहतात.

काही अडचणींवर मात्र विन्यासाचा उपाय चालत नाही. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्यापूर्वी ‘अ’ला अर्धचंद्र जोडून तेच अक्षर साधत असत. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखी दिसली तरी संगणकाच्या लेखी भिन्न आहेत. शुद्धलेखनाचेही तसेच. वि. स. खांडेकरांची १९५९ मधील कादंबरी ‘ययाति’ अशा ऱ्हस्व नावाने प्रसिद्ध झाली; नव्या नियमांस सरावलेला वाचक ‘ययाती’ असा शोध घेतो. येथे ग्रंथपालानेच नामभेदाच्या रकान्यात (मार्क २१ मधील क्षेत्र २४६) दुसरे रूप नोंदवून ठेवावे लागते. वर्णक्रमाचा प्रश्न याहून किचकट आहे. बालबोध वर्णमालेत ळ, क्ष, ज्ञ हे शेवटी येतात, तर युनिकोडच्या अनुक्रमात ‘ळ’ हा ‘ल’ व ‘व’ यांच्या मध्ये असून ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो.

सुरक्षितता व राखण : वाचकांचा पत्ता सुरक्षित (एचटीटीपीएस) जोडणीवर ठेवणे, कर्मचाऱ्यांचा पत्ता बाहेरील जगास शक्यतो बंद ठेवणे आणि विदागाराचा परवलीचा शब्द असलेली फाइल इतरांस वाचता येणार नाही असे अधिकार देणे, एवढे किमान केले पाहिजे. कोहा दररोज विदागाराची प्रत आपोआप काढू शकतो. पण ती त्याच चकतीवर राहिली तर चकतीबरोबर तीही जाते. प्रत दुसऱ्या जागी हलवून, ती वेगळ्या संगणकावर उतरवून, तिच्यातील चार मराठी ग्रंथनामे अक्षरशः वाचून पाहिल्याखेरीज नोंदवह्या रद्दीत काढू नयेत.