लष्कराविना मॉरिशस

१२ मार्च हा मॉरिशसचा राष्ट्रीय दिन. त्या दिवशी संचलनात रायफली घेऊन चालणाऱ्या तुकड्या पाहून कुणालाही वाटावं, हे या देशाचं सैन्य. प्रत्यक्षात ते सगळे पोलीस असतात. मॉरिशसला भूदल, नौदल, हवाई दल यांपैकी काहीच नाही. सैन्याची कामं पोलीस दलाच्याच शाखांना वाटून दिलेली आहेत आणि त्या साऱ्यांवर एकच अधिकारी आहे, पोलीस आयुक्त.

जमिनीवरची मुख्य शाखा म्हणजे वाक्वा गावी मुख्यालय असलेली स्पेशल मोबाइल फोर्स. सगळे तिला एसएमएफ म्हणतात. १९६० साली ब्रिटिशांनी किंग्ज आफ्रिकन रायफल्सची शिबंदी बेटावरून हलवली आणि तिच्या जागी हे दल उभं राहिलं. जवान पोलिसांतूनच येतात आणि काही काळाने पुन्हा नेहमीच्या पोलिसी कामावर जातात. बंदूक, कवायत, चिलखती गाड्या हे सगळं आहे. पण एसएमएफची माणसं लोकांना जास्त दिसतात ती चक्रीवादळात पडलेली झाडं हटवताना, पुरातून माणसं काढताना, डोंगरात अडकलेल्यांना खाली आणताना. परकी फौज या बेटावर चालून येण्याचा धोका फारसा नाही, वादळ मात्र दर वर्षी येऊ शकतं. ते ओळखून दल घडवणाऱ्यांच्या शहाणपणाला दाद द्यायला हवी.

या रचनेत एक दुखरी जागाही आहे. १९६८ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याला दोन महिने उरले असताना, पोर्ट लुईत वांशिक दंगली उसळल्या आणि बाहेरून ब्रिटिश सैनिक आणावे लागले. १९९९ च्या फेब्रुवारीत काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. ज्या पोलीस दलावर लोकांचा राग होता, दंगल आवरण्याची जबाबदारीही त्याच दलावर होती. अशा वेळी वेगळा सेनापती नसणं महागात पडतं, असं माझं मत आहे.

समुद्राचं गणित याहून अवघड. देशाची जमीन जेमतेम २,०४० चौरस किलोमीटर, तर हक्काचा सागरी पट्टा सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. तो राखण्यासाठी १९८७ मध्ये नॅशनल कोस्ट गार्डची स्थापना झाली. तिचा प्रमुख भारतीय नौदलातून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी असतो. कोलकात्यात बांधलेली ‘बॅराकुडा’ ही गस्तनौका १२ मार्च २०१५ रोजी तिथे दाखल झाली. भारतीय गोदीतून निर्यात झालेली ती पहिली युद्धनौका. पुढच्या ‘व्हिक्टरी’ आणि ‘व्हॅलिअंट’ या वेगवान नौका वास्कोच्या गोवा शिपयार्डने बांधल्या. आकाशातून पाळत ठेवणारी डॉर्निअर विमानं कानपूरची. मासेचोर, अमली पदार्थ आणणाऱ्या बोटी, वाट चुकलेले कोळी, सगळ्यांमागे याच मोजक्या नौका आणि विमानं धावतात.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं जहाज पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळांवर चढलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यातून तेल गळू लागलं. सुमारे हजार टन तेल निळ्या खाजणात पसरलं. इतकं मोठं जहाज किनाऱ्याकडे येत असताना ते अडवता का आलं नाही, हा प्रश्न लोकांनी तटरक्षकांना जाहीरपणे विचारला, आणि तो रास्तच होता. उसाचं पाचट आणि पेंढा भरून तेल अडवण्याचे तराफे बनवायला तिथले सामान्य लोक हजारोंनी उतरले होते.

मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे १,१०० किलोमीटरवर आगालेगा आहे. वस्ती तीनशेच्या आसपास. तिथे भारताच्या मदतीने धावपट्टी आणि धक्का बांधला गेला आणि २९ फेब्रुवारी २०२४ रोजी दोन्ही पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने त्यांचं उद्घाटन केलं. दूरवरच्या समुद्रावर गस्त घालायला याचा उपयोग उघड आहे. आपलं बेट उद्या परक्यांचा लष्करी तळ होईल का, ही तिथल्या काही रहिवाशांची काळजीही तितकीच खरी आहे. १९६५ मध्ये ब्रिटिशांनी चागोस बेटं मॉरिशसपासून तोडली, दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ झाला आणि तिथल्या माणसांना घर सोडावं लागलं, हे या देशात सगळ्यांना ठाऊक आहे.