डब्यावरून बाळ गेलं त्याची हकिगत

एके काळी मूल गुटगुटीत दिसलं की ‘अगदी ग्लॅक्सो बेबी!’ असं कौतुक व्हायचं. पावडरच्या दुधाची जाहिरात बोलण्यात इतकी मुरली होती.

हे दूध मुळात परदेशचं. हेन्री नेस्ले यांनी 1867 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाळांसाठी दूध-पिठाचं अन्न विकायला काढलं. आपल्याकडे मुबलक दूध म्हशीचं, आणि ते तान्ह्या बाळाला पचायला जड. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं त्यावर तोडगा काढला आणि 1960च्या सुमारास आणंदच्या ‘अमूल’नं म्हशीच्या दुधाची बाळपावडर बाजारात आणली. देशी तंत्रज्ञानाची ही मोठीच कामगिरी होती.

पण डबा विकत घेता आला, तरी स्वच्छ पाणी आणि इंधन त्याच्यासोबत येत नव्हतं. डबा महिनाभर पुरवायचा म्हणून चार चमच्यांच्या जागी दोनच घालायचे, बाटली नुसती विसळायची, बूच तसंच लावायचं. बाळाचं पोट भरल्यासारखं दिसे, अंगी मात्र लागत नसे. त्यात जुलाब सुरू झाले की जीवावर बेते. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1939 मध्येच सिंगापूरला ‘मिल्क अँड मर्डर’ या भाषणात हा धोका सांगितला होता. जागतिक आरोग्य संघटनेची विक्रीसंहिता यायला 1981 उजाडलं. बाजूनं 118 मतं, विरोधात एकच: अमेरिकेचं.

महाराष्ट्रात याच सुमारास दुसरी वाट घडत होती. 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचं दूध कमी पडलं, तर तिथं दुसऱ्या आईचं मिळू लागलं. 1991 मध्ये वर्ध्याला स्तनपानाच्या प्रसारासाठी राष्ट्रीय जाळं उभं राहिलं. बाळांच्या पावडर-दुधाच्या जाहिरातीला आळा घालणारा 1992 चा कायदा 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला आणि डब्यावरचं बाळ, आईचं चित्र, फुकट नमुने, सारं बंद झालं. 2003 च्या दुरुस्तीनं तो आणखी कडक केला.

तरीही काही बाळांना वरचं दूध लागतंच आणि त्यात आईचा दोष नसतो. ते सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरांचा असावा, दुकानदाराचा नव्हे. डब्यातलाच चमचा, सपाट भरून, सांगितलं तेवढंच उकळलेलं पाणी. डबा पुरवायला दूध पातळ करू नका.