प्रकाशाची फूटपट्टी

मुलांनो, तळ्यात खडा टाकला की लाटा पसरतात. अतिशय जड वस्तू एकमेकींभोवती वेगाने फिरू लागल्या, तर अवकाशातही लहरी उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने मांडले. याच गुरुत्वीय लहरी. तुमच्या उर्दू पुस्तकातील कशिश-ए-सिक्ल म्हणजे मराठीतील गुरुत्वाकर्षण, आणि मौज म्हणजे लहर.

अशी लहर पृथ्वीवरून जाताना एका दिशेचे अंतर किंचित ताणले जाते आणि तिच्याशी काटकोनातील अंतर आखडते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन यंत्रांनी ती प्रथमच टिपली. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी होता! हे अंतर मोजले प्रकाशाने. ही पद्धत मायकेलसन यांनी १८८१ सालीच वापरली होती. तिची लहान प्रतिकृती तुम्हांला विज्ञान प्रदर्शनासाठी करता येईल.

एक जड शहाबादी फरशी घ्या. स्कूटरच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून फरशी तिच्यावर ठेवा. फरशीवर लाल लेसर पक्का बसवा. त्याच्या वाटेत सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी तिरपी, ४५ अंशांत, उभी करा. प्रकाशाचा काही भाग काचेतून सरळ जाईल, काही काटकोनात वळेल. दोन्ही वाटांवर सारख्याच अंतरावर एकेक आरसा ठेवा. घरचा आरसा नको. त्याची चकाकी काचेच्या मागे असते. संगणक दुरुस्तीच्या दुकानात जुन्या हार्ड डिस्कची चकती मिळते, ती उत्तम. एका आरशामागे तीन स्क्रू लावा, म्हणजे तो हळूहळू कलवता येतो. लेसरच्या किरणात मात्र डोळा कधीही घालू नका, आरशावरून परतलेल्या किरणातही नाही.

परतलेले किरण काचपट्टीपाशी पुन्हा एकत्र येतात व पडद्यावर ठिपके उमटतात. एकेक आरसा कागदाने झाका. कोणता ठिपका कोणाचा, ते कळेल. दोन्ही आरशांचे ठळक ठिपके एकमेकांवर आणा आणि पडद्याआधी एक लहान भिंग धरा. ठिपका पसरेल व त्यात काळे-लाल पट्टे दिसतील. यासाठी एखादी दुपार खर्ची पडेल, कंटाळू नका. एक आरसा झाकल्यावरही जे पट्टे राहतात, ते नुसत्या काचपट्टीचे. ते आपले नव्हेत.

जिथे दोन्ही प्रकाशलहरींचे उंचवटे जुळतात तिथे उजेड, जिथे उंचवटा व खोलगा भेटतात तिथे अंधार. आरसा केसाच्या जाडीच्या साधारण दोनशेव्या भागाएवढा जरी सरकला, तरी पट्टे एक घर पुढे जातात. फरशीला बोट लावा, पट्टे थरथरतील. एका वाटेवर तळहात धरा. हवा तापून पट्टे वाहू लागतील. तुमची शाळा नगर-मनमाड रस्त्यालगत असेल, तर उसाचा ट्रॅक्टर गेलेलाही पडद्यावर कळेल!

खरी अडचण इथेच आहे. प्रकाश मिळवणे सोपे, स्थिरता मिळवणे कठीण. म्हणून लायगोचा प्रकाश निर्वात नळ्यांतून जातो, आरसे बारीक तंतूंना टांगलेले असतात. असेच यंत्र आपल्या राज्यात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभारायचे ठरले आहे. जमिनीचा कंप कमी असणे ही अशा जागेची पहिली अट. २०२३ साली केंद्र सरकारने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याच्या आयुका संस्थेत संजीव धुरंधर यांनी गोंगाटातून लहरीची खूण शोधण्याच्या गणितावर, पहिली लहर सापडण्याच्या कितीतरी वर्षे आधी, काम सुरू केले होते.

प्रदर्शनात कोणी विचारील, “तुमच्या यंत्रात गुरुत्वीय लहर दिसते का?” स्पष्ट सांगा, “नाही. आमची भुजा तीस सेंटिमीटर, तिथली चार किलोमीटर. शिवाय आमचे पट्टे तुमच्या पावलांनीच हलत आहेत.” आणि मग त्यांनाच फरशीवर बोट ठेवू द्या.